एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न आणि माझं लग्न

प्रिय राहील यास विट्याहून विश्वजितचा मनापासून नमस्कार. अम्मींचा गुडघा आता कसा आहे? साबेरावहिनींना नमस्कार सांग. (फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला निम्म्यात तोडतोस.)

तर रविवारी आम्ही दहिवडीला मुलगी बघायला गेलो. मी, आजोबा आणि सुलाआत्या. मुलगी प्रांजल, हायस्कुलात गणित शिकवते. आपल्या विषयाला घाबरणारा नवरा नको, असं तिनं आधीच कळवलेलं. मी कानपुरात सोनं गाळणारा माणूस, दहावीच्या गणितात काठावर पास. म्हणून तर साताऱ्याला तुझ्याकडं धावत आलो आणि तू स्टँडच्या बाकावर बसून माझ्याकडून १४२८५७ पाठ करून घेतलास. दोनानं गुणलं तर २८५७१४, तिनानं ४२८५७१. सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा आकडे जागा बदलून येतात. जीपमध्ये मी तेच पुटपुटत होतो. हरिबाआजोबांनी शेवटी विचारलं, "कुणाचा फोन नंबर घोकतुयास रं? दुसरीकडंबी पोरगी बघून ठेवलीयास काय?"

पोहे झाले. प्रांजलनं गणितातलं काहीच विचारलं नाही. (एवढं पाठांतर वाया जाणार म्हणून मला घाम फुटला.) मग मीच विषय काढला. तिनं कागद घेतला, मी दोनपासून सहापर्यंत उत्तरं सांगत गेलो, ती पडताळत गेली. तिचे वडील जोतीरामअण्णा तर खुर्ची सरकवून जवळ आले.

"आता सातानं गुणा की पावनं," ते म्हणाले.

सातचं तू काही सांगितलंच नव्हतंस. मी ठोकून दिलं, "पुन्हा पहिलाच आकडा येतो." प्रांजलनं गुणाकार करून कागद माझ्याकडं फिरवला. ९९९९९९.

"समदं नवच?" आजोबा म्हणाले. "बिघडलं व्हय?"

मग मी खरं ते सांगून टाकलं. गणित येत नाही, हे मित्रानं पढवलंय.

"मग कशाला सांगत बसलात?" तिनं विचारलं.

"बाकीचे पेढे आणत असतील. तुमच्या आवडीचं कायतरी आणावं म्हटलं."

तिनं कागद पालटून कोरी बाजू वर घेतली. मग तिनं मला समजावून दिलं. एकाला सातानं भागायला बसलं की भागाकार संपतच नाही, हेच सहा आकडे फेर धरून येत राहतात. दोनाला भागलं तरी फेर तोच, फक्त सुरुवात दुसऱ्या आकड्यापासून. सातपट केलं की सातही वाटे मिळून पुरा एक होतो, आणि या न संपणाऱ्या आकड्यांत तो एक ०.९९९... असा दिसतो, म्हणून सगळे नऊ. राहील, आयुष्यात पहिल्यांदा मला गणित कळलं. चार दिवसांनी होकार आला.

गड्या, तुझे उपकार मोठे आहेत. आकडा शिकवलास त्याचे आहेतच, पण सात शिकवला नाहीस त्याचे जास्त. सगळं बरोबर आलं असतं तर मी खोटाच पास झालो असतो.

तुझा,
विश्वजित

ता. क. खरं काम असं, की साखरपुड्याआधी प्रांजलला तुला भेटायचंय. सात तू मुद्दाम वगळलास, असं मी तिला सांगून बसलोय. विसरलो म्हणू नकोस.

ता. क. २ (अक्षर वेगळं दिसेल.) राहीलभाऊ, काल दहिवडीला आले तेव्हा हे पाकीट यांनी माझ्याकडंच पोस्टात टाकायला दिलं, तेही न चिकटवता. सात विसरला असाल तर तसंच सांगा. थाप मारणारा माणूस घरात एक पुरे आहे. वहिनींना आणि अम्मींना घेऊन या. — प्रांजल