शेवटचा पेपर राहिला होता

आई,
लांबूनच वाकून नमस्कार.

खोकला जवळजवळ गेलाय, काळजी करू नकोस. बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

काल पदवीदान होतं. पदव्यांचं तबक धरून मी मंचावर उभी होते. हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी ताई परीक्षा चालू असतानाच तापाने गेली होती. तिचंही नाव पुकारलं. तिची आई वर आली. अंगात लेकीचाच गाऊन, जमिनीवर लोळणारा. अख्खं सभागृह न सांगता उठून उभं राहिलं.

पदवी घेण्याआधी त्या हळूच म्हणाल्या, “शेवटचा पेपर राहिला होता हो तिचा. चालेल ना?”

कुलगुरूंनी डोक्यावरची टोपी काढली. “पास झाली तुमची मुलगी,” म्हणाले, आणि वाकले.

पुढच्या वर्षी माझी पदवी. तू खाली बसून टाळ्या वाजवायच्या. वर मीच चढणार.

तुझी धडधाकट,
चिमी