प्रेमिलाच्या गुडघ्याची वाटी

नागपूर

रुखमा बहिणीले तुळसाचा जयभीम.

माह्या नातीले, प्रेमिलाले, पाहाले सगळ्यात पहिले पोराची आत्या आली वं, मागून पोरगा. प्रेमिलाले पाटावर बसवलं. उठताना तिनं गुडघा धरला. आत्या म्हणे, "पोरगी लंगडते का?"

प्रेमिला म्हणे, "डॉक्टरनं सांगितलं, हाड चांगलं आहे. मांडी कमजोर, म्हणून गुडघ्याची वाटी घासते. जिना चढताना, लय वेळ बसून उठताना दुखते. पाय सरळ उचलायची कसरत करून राहिली."

पोरगा म्हणे, "कशी करता? सायकल चालवून माह्यंबी तिथंच दुखते!" दोघंही पाय उचलून बसले. मीबी माही वाटी हलवून पाहिली. हलते वं! तूबी पाहाय.

तुह्या खोकल्याचं काय? पोराबाळांले माया.

पाहुणे बुधवारी परत येतो म्हणाले, आत्यासुद्धा.