विहिरीपासून अकरा काठ्या

दादा, पाटा सापडला. आधी हे सांगते, बाकीचं मागून. पडेगावच्या माळावर, मोटेच्या जुन्या विहिरीपासून अकरा काठ्या, तुम्ही सांगितलं होतं तिथंच. जवळपास नाही, अंदाजे नाही, तिथंच. शेवटची दोन वर्षं तुमच्या तोंडी एकच होतं, ‘माझ्या खुणा जुन्या झाल्या.’ नव्हत्या झाल्या. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली, शहराचं नाव बदललं, टेकडी अर्धी पोखरून नेली, तरी तुमची खूण वीतभरसुद्धा सरकली नाही. मला इतका अभिमान वाटतोय, की ऐकायला तुम्ही नाही याचा रागच येतो.

तुमची पोरगी आता जमिनी मोजते. मोजणीच्या कामात हातात एक यंत्र असतं, जीपीएस म्हणतात त्याला. आभाळातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठं उभे आहोत ते आकड्यांत सांगतं. आठवडाभर ते कामाचं, रविवारी खेळायचं. हसू नका. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी कुठं दगडाआड, झाडाच्या ढोलीत एक डबा लपवतं आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतं. दुसऱ्यांनी आकड्यांवरून तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. “मग घ्यायचं काय?” असं तुम्ही नक्की विचारलं असतं. काही नाही घ्यायचं. “लई शाणी दिसत्यात तुझी मानसं,” असं म्हणून तुम्ही तंबाखू मळायला घेतली असती. पण ऐका, आमच्या गटात सगळ्यांत जास्त डबे माझ्या नावावर आहेत. रविवारी घरी आले की तासभर सलवारीला चिकटलेली कुसळं वेचत बसते, तुम्ही मेंढरांच्या लोकरीतली वेचायचात तशी. आणि गटात नवा आलेला कुणी मला हा खेळ समजावून सांगायला लागला की मी मान हलवते आणि मनात म्हणते, बाबा रे, आम्ही हा खेळ पोटासाठी खेळलोय.

मी दहा वर्षांची होते. पोळ्यानंतर ढगानं तोंड दाखवलं नाही ते वर्ष. ओझ्याचं घोडं मेलं आणि मेंढरं घेऊन गोदागंगेपलीकडं जायचं ठरलं. नेता येत नाही ते तळावर पुरून जायचं, परत आल्यावर काढायचं, ही आपली रीतच. मायचा पाटा होता, तिच्या माहेरचा, काळा, मधोमध वापरून खोलगट झालेला. माय दोन दिवस त्याच्याशी बोलल्यासारखी बसून होती. तुम्ही मांडीएवढा खड्डा घेतला, पाटा न् वरवंटा फाटक्या घोंगड्यात गुंडाळला, वर मुरूम लोटला आणि त्यावरून सगळी मेंढरं दोनदा फिरवली, की माणसानं काही केलंय असं दिसूच नये. मग मला म्हणालात, “सांग, परत आल्यावर कसा हुडकशील?” मी मोठ्या ऐटीत बोट दाखवलं, “त्या कडब्याच्या गंजीच्या समोर.” अहो, काय खेकसलात! “गंजी? औंदाच्या दुष्काळात गंजी खूण म्हणून धरती? उद्या म्हशीनं खाल्ली मंग काय म्हशीच्या पोटात हुडकती का पाटा?” मला रडू फुटलं. तुम्ही डोक्यावर हात ठेवला नाही, तसली सवयच नव्हती तुम्हाला. खांद्याला धरून गर्रकन फिरवलंत आणि किल्ल्याकडं तोंड केलंत.

“खूण अशी धर, जी चरत नाय, इकत नाय न् पळत नाय,” म्हणालात. मग एकेक करून तीन दाखवल्या. दौलताबादचा मिनार किल्ल्याच्या डोंगराला कडेनं टेकल्यासारखा दिसला पाहिजे, ही पहिली. पाठ फिरवली की पांढऱ्या दर्ग्याचा घुमट टेकडीच्या खिंडीत बरोबर मधे बसला पाहिजे, ही दुसरी. दोन्ही जुळेपर्यंत माणसानं माळावर इकडं तिकडं सरकत राहायचं. आणि तिसरी, विहिरीच्या काठापासून किल्ल्याच्या अंगाला अकरा काठ्या, तुमच्या काठीनं मोजलेल्या. तुम्ही माझ्याकडून ते वीस वेळा घोकून घेतलंत. परवचा मला अजून नीट येत नाही, पण त्या तीन खुणा झोपेतही म्हणून दाखवीन.

गंगेपलीकडून आपण परत आलो ते मेंढरांवाचून. तुम्ही उस्मानपुऱ्यात एका बांधकामावर राखणदार झालात आणि आपण तिथंच पत्र्यात राहायला लागलो. माय मधूनच पाट्याचं काढायची. तुम्ही म्हणायचात, आपली फरशी झाली की आणू, दुसऱ्याच्या फरशीवर माझा पाटा मांडायचा नाय. फुलंब्रीला एक खोली झाली तेव्हा मी अठराची होते, रोज बसनं शहरात कॉलेजला जायची. त्याच दिवाळीत पायरीवरून पडून तुमचा पाय मोडला. वास्तुशांत तोंडावर आली. तुम्ही मला बोलावून म्हणालात, “तूच आन. खुना तुला पाठ हायत.” काठी हातात दिलीत. संध्याकाळी मी रिकाम्या हातानं आले. “नाय सापडला?” “नाय. खुणाच लागत नाहीत तिथं आता.” तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, मग प्लास्टरच्या पायाकडं. “आसंल,” म्हणालात. “खुना जुन्या झाल्या माझ्या.” त्याआधी फुलंब्रीवरनं जाणारे मेंढके आपल्या दारात थांबून विचारायचे, पाणी कुठं, वळण कुठं. त्या दिवसानंतर तुम्ही एकालाही वाट सांगितली नाहीत. “दुसऱ्याला इचारा, माझं काय खरं नाय.” प्रत्येक वेळी ते माझ्या कानावर पडायचं, आणि मी पुस्तकात डोकं घालायची.

यंदा त्याच माळाची मोजणी माझ्याच टेबलावर आली. प्लॉट पडणार होते, पुढच्या आठवड्यात जेसीबी लागणार होता. नकाशा उघडला आणि माळाचं नाव दोनदा वाचलं. आता नाही तर कधीच नाही. शनिवारी एकटीच जाऊन बघून आले, तर कुसळांत विहीर दिसेना, दर्ग्याच्या पुढं सहा मजली इमारत उभी आणि खिंडीची टेकडी मुरमासाठी निम्मी खाल्लेली. तुमची न चरणारी टेकडीही कुणीतरी चरलंच, दादा. मग मी जुना सरकारी नकाशा काढला, टेकडी शाबूत असतानाचा. मिनार आणि डोंगराची कड यांच्यावरून पेन्सिलीनं एक रेष ओढली, घुमट आणि खिंड यांच्यावरून दुसरी. कागदावर इमारती आड येत नाहीत. दोन रेषा जिथं एकमेकींना कापतात त्या ठिपक्याचे आकडे वाचले आणि यंत्रात भरले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसानं जे डोळ्यांनी केलं होतं, त्याला मला नकाशा, पट्टी आणि आठ उपग्रह लागले.

रविवारी गटातले एक चाचा बरोबर आले. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त, उस्मानपुऱ्यातच राहतात. गाडी त्यांची, गाडीतला जीपीएसही त्यांचा. त्यातली बाई आम्हाला गल्लीगल्लीतून फिरवून एका सोसायटीच्या कंपाउंडापाशी आणून म्हणाली, तुमचं ठिकाण आलं. “लो,” चाचा म्हणाले, “ये औरत तो अपने को दीवार में घुसाती!” गाडी वळवून माळाच्या फाटकाशी लावली आणि हातातलं यंत्र घेऊन आम्ही कुसळांतून चालायला लागलो. ठिपका आला, पण यंत्र खाली लिहितं, पाच मीटर इकडं तिकडं. पाच मीटर म्हणजे, दादा, पाटाच काय, आख्खी खोली पुरता येईल. चाचा म्हणाले, “इत्ता सारा कौन खोदेगा?” मी गाडीतनं तुमची काठी आणली. विहीर राडारोड्यानं बुजवलेली, पण काठाचे चार दगड गोलाईत उभे होते. तिथनं किल्ल्याच्या अंगाला एकापुढं एक काठी ठेवत निघाले. प्लॉटचा राखणदार धावत आला, तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखीच मळकी टोपी.

“ओ बाई, काय मोजता?”

“पाटा हाय इथं माझ्या मायचा.”

“पाटा? हितं?” तो हसला. मग माझ्या हातातली काठी नीट बघितली आणि विचारलं, “धनगराची काठी हाय का?” व्हय म्हटल्यावर मुकाट्यानं पहार घेऊन आला. अकराव्या काठीच्या टोकाला खणायला लागलो. मांडीएवढं खोल गेल्यावर पहार टण्णकन वाजली. घोंगड्याचं मातेरं झालं होतं. काळा दगड हाताला लागला, मधला खोलगट भाग लागला, आणि मी त्या दोन म्हाताऱ्यांसमोर बसकण मारून मोठ्यानं रडले. काठीचं टोक आणि पाट्याची कड यांत माझी चार बोटंही मावली नाहीत. राखणदार म्हणाला, “बापानं लई बेस मोजलं व्हतं.” मी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

निघताना मी ओढणीची चुंबळ केली, राखणदाराला हात लावायला सांगून पाटा डोक्यावर घेतला आणि माळावरून फाटकापर्यंत, फाटकातून पार दौलताबाद रोडपर्यंत चालत गेले. चाचा हातात वरवंटा घेऊन मागून ओरडत होते, “अगे गाड़ी खड़ी है, सर पे काय को?” असंच, म्हटलं. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. बघू दिलं.

मायचे डोळे आता अधू आहेत. पाटा समोर ठेवला, तिनं हात फिरवला, खोलगट जागी हात थांबला आणि म्हणाली, “आला व्हय.” जणू तो सकाळी बाहेर गेला होता. मग तिनं आधी पाटा धुवायला लावला, लसूण मागितली. ती वाटत बसलेली असताना माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, माय, त्या दिवशी मी गेलेच नव्हते माळावर. बस चुकली न् खोटं सांगितलं. तिचा हात थांबलासुद्धा नाही. “ठाव हाय. तुझ्या दादांनी तवाच वळखलं. माळावर जाऊन आलेल्या पोरीच्या सलवारीला एक कुसळ नसावं का?” मी म्हटलं, मग बोलले का नाहीत मला? “म्हनले, पोरगी खोटी पडन्यापरीस खूण खोटी पडलेली बरी.” आणि दुसऱ्या कुणाला पाठवून का नाही आणवला? माय म्हणाली, “मी लई डोकं खाल्लं त्यांचं. म्हनले, दुसरं कोन नको. आनील तीच.”

इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यामुळं तुमचा स्वतःवरचा विश्वास गेला. आणि तुम्ही तर माझ्यासाठी दारात आलेल्या प्रत्येक मेंढक्यापुढं स्वतःला खोटं पाडत राहिलात. कोणत्या मातीचे होतात हो तुम्ही?

त्या विहिरीच्या दगडांपासून अकरा काठ्यांवर, पाट्याच्या जागी, मी एक डबा लपवलाय. बिल्डरला विनवून ते चार दगड आणि तेवढी जागा प्लॉटांच्या बागेत आहे तशी ठेवून घेतली. इंटरनेटवर आकडे टाकले आणि खाली तुमची खूणही टाकली, काठीची लांबी देऊन. परवा कुणा अनोळखी पोरीनं वहीत लिहिलं, ‘यंत्र झुडपात घेऊन गेलं, खूण बरोबर निघाली.’ मी त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय. येईल त्याला दाखवते.

हे पत्रही त्या डब्यात ठेवणार होते. पण तो डबा कुणीही उघडतं, आणि एक गोष्ट मी मायलाही खरी सांगितलेली नाही. बस चुकली नव्हती, दादा. पडेगावची बस समोर उभी होती आणि तुमची काठी माझ्या हातात होती. मैत्रिणींनी विचारलं, ही कसली काठी, कुठं चाललीस? कुठं नाही, म्हटलं. काठी बसस्टॉपच्या मागं टेकवून ठेवली, उस्मानपुऱ्यात एकीच्या घरी जाऊन भजी खाल्ली, आणि संध्याकाळी काठी उचलून घरी आले. डोक्यावर पाटा घेऊन येताना कुणी बघेल याची लाज वाटली होती. पाट्याची नव्हे. तुमची. म्हणून यंदा गाडी उभी असताना चालले.