मागच्या सीटवरची खडखड

आई,

पिशोरला एसटीनं जाऊ नको. मावशीकडं मीच सोडतो, दुपारपर्यंत थांब. चहा थर्मासमध्ये आहे.

गाडी घेऊन गॅरेजला गेलोय. मागं खडखड वाजतंय, हे तू कधीपासून सांगत होतीस. त्या दिवशी विशाखाच्या माहेरच्यांसमोर मी म्हणालो, "आवाज गाडीत नाय, आईच्या कानात आहे." सगळे हसले. तू पण हसलीस, पण त्यानंतर गाडीत बसली नाहीस.

काल मिस्त्रीनं मला मागं बसवलं आणि गाडी स्वतः चालवली. पहिल्याच स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज झाला, पार मणक्यात हादरा बसला. मागच्या शॉकअपचं रबर झिजून लोखंडावर लोखंड आपटतंय, आज ते बदलून घेतोय. पुढं बसणाऱ्याला ते एवढं जाणवत नाही.

मिस्त्री म्हणाला, "मागं कोण बसतं हो? लई सोसलं त्यांनी."

मी म्हणालो, "कुणी नाय बसत."

आई, तुझं नाव घ्यायला तोंडच उघडलं नाही.

संध्याकाळी विशाखाच्या माहेरी फोन करून मीच सगळं सांगणार आहे. तू नको म्हणशील, तरी सांगू दे.

सम्यक