पुढच्या जहाजाची पिछाडी

१२ ऑक्टोबर १९४१

निघालो! ग्रीनॉक बंदर धुक्यात गेलं. आणि नशीब म्हणजे काय — जहाजांच्या ताफ्यात आमच्या रांगेत आमच्या बरोब्बर पुढे कोण? 'लेडी कॅरिक'! इश्बेल त्याच जहाजावर आहे. तिची आईही. काल धक्क्यावरून दोघींना ट्रंका घेऊन चढताना मी या डोळ्यांनी पाहिलं. तिला मात्र माहीत नाही. मी खलाशी म्हणून नाव घातलंय एवढंच तिला ठाऊक. जहाजाचं नाव बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा सक्त नियम. मी नियम पाळला! बाबांनी ऐकलं तर चक्कर येऊन पडतील.

काल दारूत खलाशांच्या मुकादमापाशी, सारंग मर्डोपाशी, सगळं ओकून बसलो. घोडचूक. म्हणाला, "म्हणजे ग्लासगोत वर्षभर केलंस तेच इथं — तिच्या मागं मागं." आता खाली सगळे मला नवरदेव म्हणतात.

१३ ऑक्टोबर

ओकलो. जेवण नाही. तिचं जहाज समोर हलतंय, माझंही हलतंय, पण वेगवेगळं हलतंय. त्यानेच जास्त होतं.

१४ ऑक्टोबर

आज बरं. बटाटे सोलता सोलता तेच आठवत राहिलो. केल्विन नदीच्या पुलावर तिला लग्नाचं विचारलं होतं, सरळ. ती म्हणाली, "निनियन, तू सगळं अर्ध्यावर सोडतोस. व्हायोलिन सोडलंस, कॉलेज सोडलंस. मलाही सोडशील." मी भडकलो. नेहमीसारखा. म्हटलं, तू तर देशच सोडून भावाकडे कॅनडात निघालीस, मला काय शिकवतेस! मग ती रडली. मग मी रडलो. शेवटी म्हणाली, "हॅलिफॅक्सला ये. तिथे विचार. तिथे उत्तर देईन."

आणि तिची आई, रँकिनबाई! खलाशी होतोय म्हटल्यावर खो-खो हसल्या. "बरं केलंस रे बाबा. समुद्र अर्ध्यावर सोडून कुठं जाशील? तिथं बरा सापडलास!" वर ओट्सच्या भाकऱ्यांचं पुडकं हातात कोंबलं. पोरीपेक्षा आईलाच मी जास्त पसंत आहे, असं वाटतं कधीकधी.

१६ ऑक्टोबर

मला सुकाणूचं चाक मिळालं! सुकाणी कमी आहेत, म्हणून मर्डोने शिकवलं. पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, गेमेल म्हणाला, "पुढच्याच्या पिछाडीवरून नजर हलवायची नाही. फार जवळ गेलास तर आदळशील. मागे पडलास तर एकटा मरशील."

नजर हलवायची नाही! मला! हुकूमच आहे!

१७ ऑक्टोबर

हसून हसून मेलो. रँकिनबाईंनी धुतलेले पायमोजे आणि आतले लोकरी कपडे 'लेडी कॅरिक'च्या मागच्या कठड्यावर वाळत घातले. भर ताफ्यात, सगळ्यांसमोर! थोड्या वेळाने आघाडीच्या जहाजावर झेंडे चढले. आमच्या झेंडेवाल्याने वाचून दाखवलं: "लेडी कॅरिक, तुमचा संदेश समजला नाही. पुन्हा पाठवा."

मग सिम नावाच्या त्या रेड्याने त्या पायमोज्यांत कोणाचे पाय असतील यावर काहीतरी बरळायला सुरुवात केली. त्याचा एक दात आता त्याच्याकडे नाही.

चाक गेलं. कप्तान ऑर यांनी काढून घेतलं. "इथे माणसं मारायला जर्मन पुरेसे आहेत. तू बटाटे सोल."

१८ ऑक्टोबर

आज सकाळी पलीकडच्या रांगेतली दोन जहाजं गेली. आधी एक, मग दुसरं. दुसऱ्यावर तेल होतं. मी बटाट्याची बादली घेऊन उभाच. सगळा ताफा पुढे चालत राहिला, काही झालंच नाही असा. कुणी थांबायचं नाही. जो थांबतो त्याच्यावर पाणबुडी पुढचा नेम धरते. सगळ्यांच्या मागे एक छोटं जहाज असतं माणसं उचलायला. सापडली तर उचलायची.

मी गेमेलला म्हटलं, "आपण थांबलो असतो तर?"

"तर दोनऐवजी तीन गेली असती."

मी त्याला भेकड म्हटलं. तोंडावर. मारेल असं वाटलं. तो म्हणाला, "चहा घे जा."

१९ ऑक्टोबर

आणखी एक. नाव कळलं नाही. कुणी विचारतही नाही.

२० ऑक्टोबर

ती दिसली! तपकिरी कोट. कठड्याशी उभी, शेजारी आई. मी फडकं हलवलं. तिनेही हात केला — मला की आमच्या जहाजाला, देव जाणे. या काळ्या कोटात, काळ्या टोपीत आम्ही सगळे सारखेच.

मला चाक परत हवं! इथून पोचलो नाही तर निदान तिच्याकडे बघत तरी जाईन. मर्डोच्या पाया पडलो. तो म्हणे, "आधी सिमच्या पड." पडलो. सिम म्हणाला, "दात बसवून दे." मग हसला, त्या भोकातून. मर्डोने गेमेलला सांगितलं, गेमेलने कप्तानाला. उद्या सकाळची पाळी माझी!

२१ ऑक्टोबर

लिहायला नको वाटतं. पण लिहितो.

उजाडलं होतं. चाक माझ्या हातात. तिची पिछाडी समोर. मग ते जहाज मधोमध उचललं गेलं. आवाज नंतर आला, जाड, पोटातून आल्यासारखा. 'लेडी कॅरिक' आडवी फिरू लागली, आमच्या तोंडाशी. गेमेल ओरडला, "डावीकडे दहा अंश!" मी फिरवलं. ती उजव्या अंगाने सरकत गेली. इतकी जवळ की तिच्यावरचा रंग दिसत होता. जिने दिसत होते. रिकामे.

आणि मग समोर पाण्यात माणसं. डोकी. एक तराफा, त्याला धरून पाच-सहा जण. ते हात हलवत होते. त्यांना वाटलं, आम्ही त्यांच्यासाठी येतोय!

मी म्हटलं, "साहेब, माणसं!"

कप्तान ऑर चपला घालून धावत आले होते. "दिसतायत. सरळ ठेव."

"साहेब —"

"डावीकडे दुसरी रांग आहे. उजवीकडे ती आहे. मागे पाच जहाजं आहेत. सरळ ठेव, पोरा."

एवढ्या दिवसांत ते मला कधी पोरा म्हणाले नव्हते.

ठेवलं. बाबांचं ऐकलं नाही, मास्तरांचं ऐकलं नाही, कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकलं नाही — आणि इथे ऐकलं. सरळ ठेवलं. कॅनडाकडे जाताना आमचं जहाज रिकामं असतं, त्यामुळे नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच वर असते. तिच्याखाली काय आलं ते चाकावरून दिसतच नाही. ती माणसं जवळ आली, आणखी जवळ आली, मग नुसती नाळ. आवाजसुद्धा नाही. काहीतरी आवाज यायला हवा होता की नाही?

मर्डोने माझी बोटं चाकावरून सोडवली. एकेक करून.

२२ ऑक्टोबर

मला कुणी नवरदेव म्हणत नाही. सिमने चहा आणून ठेवला, त्यात त्याच्या वाटणीची साखर. गेमेलने जहाज पुढे घेऊन रिकामी जागा भरली. आता समोर कुठल्यातरी दुसऱ्या जहाजाची पिछाडी आहे. मला ती बघवत नाही, आणि नजर हलवायची नाही.

२४ ऑक्टोबर

झेंडेवाल्याला विनवलं: माणसं उचलणाऱ्या त्या छोट्या जहाजाला विचार ना, कोणकोण सापडलं. तो म्हणाला, "अरे, झेंड्यांवर नावं विचारत नाहीत." आणि मग हळूच, "पाणी किती गार आहे, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक आहे.

२७ ऑक्टोबर

धुकं. कुणीच कुणाला दिसत नाही. बरं वाटलं.

२ नोव्हेंबर

हॅलिफॅक्स. खिडक्यांतून दिवे! काळे पडदे नाहीत, काही नाही. किती दिवसांनी अशा उघड्या खिडक्या पाहिल्या. काही वाटलं नाही. माणसं उचलणारं ते छोटं जहाज जखमींना घेऊन पुढे निघून कालच आलं म्हणतात, त्यावरच्या लोकांना इस्पितळात नेलंय. मी कोट घातला. मर्डो दारात आडवा. "जाऊ नकोस."

"का?"

"नसली तर तुझे हाल. आणि असली तर?"

मी त्याला ढकललं, पण आज रात्री गेलो नाही. नुसता धक्क्यावर फिरलो.

३ नोव्हेंबर

इश्बेल जिवंत आहे!

दोन्ही हातांना पट्ट्या. आई नाही. तराफ्यावर तिने आईची कॉलर धरली होती. "आमच्या मागचंच जहाज, निनियन. आई म्हणाली, आलं बघ, आलं! हात हलवत होती ती. आणि ते सरळ आमच्यावरून गेलं. त्याच्या चाकावर कोण होता, तेवढं मला कळायला हवं." मग म्हणाली, "तू कुठल्या जहाजाने आलास?"

मी म्हणालो, पलीकडच्या रांगेतल्या.

तिने पट्टी बांधलेला हात माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "तू आलास. पूर्ण आलास. माझं उत्तर हो आहे."