गिअरबॉक्स उतरवताना मला उठवलं का नाहीस?

पोरी,

काल दुपारी तू अंगणात गाडीचा गिअरबॉक्स उतरवलास आणि तो धरायला शेजारच्या शिंप्याला बोलावलंस. घरात मी जिवंत असताना! "बाबा झोपलेत, हळू बोला," असं त्याला वर बजावलंस. मी झोपलो नव्हतो, भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ज्याने जन्मात इस्त्रीपेक्षा जड काही उचललं नाही, तो माणूस माझ्या गाडीखाली शिरतो आणि मी पडून ऐकायचं? आधी ऑइल काढून घ्यावं, हेही दोघांना सुचलं नाही. त्याचा पांढरा पायजमा भिजला ते बरंच झालं.

परवा माझ्या हातून पाना सुटला म्हणून हे चाललंय, कळतं मला. पाना तेलकट होता. इथे अक्षरं वाकडी आलीत, ती रागामुळे.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कामावर गेलीस. मी खाली लाकडी ठोकळे सरकवलेत, ते हलवू नकोस.

तू सांगतेस त्या डॉक्टरांना हात दाखवायला चाललोय. झालं समाधान? पण मी येईपर्यंत नवी क्लच प्लेट आवळू नकोस. ती बरोबर मधोमध बसली नाही, तर गिअरबॉक्स परत चढणार नाही.

गाडीखाली तू शीर, बोल्टही तूच आवळ. प्लेट मधोमध आहे का, ते मी बघून सांगेन. त्याला डोळे लागतात, आणि डोळ्यांबद्दल अजून तुझी काही तक्रार नाही.

बाबा