पोत्यातली भाची

मालेगाव,
जि. वाशीम,
दि. १० ऑक्टोबर

तीर्थरूप उकंडमामांस,
वैभवीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. काल तुळसामामीने उचलला, तर ती म्हणाली की तुये मामा तुयाशी बोलून नाही राह्यले. मी त्यातून एवढाच अर्थ काढला की अबोला हा बोलण्याचा असतो, लिहिण्याचा नसतो. आलेल्या पत्राला उत्तर न देणं हा असभ्यपणा झाला, आणि तुम्ही असभ्य आहात असं तुमचे भाऊबंदही म्हणणार नाहीत.

झालं ते माझ्या बाजूनेही एकदा ऐका. लग्न दीड महिन्यावर आलं. सपना, रूपा आणि मी, तिघी एकाच बँकेत, तिघींकडे आपापल्या मोटारसायकली. एकदा तरी डोंगरावर तंबू ठोकून राहायचं असं दोन वर्षं नुसतंच चाललं होतं, ते या कोजागरीला जमवलं. वाशीम, मंगरूळपीर, मानोरा करत गेलो. पाऊस संपलेला, सोयाबीन निघालेलं, रानं मोकळी आणि तुरी तेवढ्या हिरव्यागार. पोहरादेवीला दर्शन घेतलं आणि तुमच्या खडकदरीच्या डोंगराची चढण लागली तेव्हा वारा असा सुटला होता की मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होते. ते फक्त मला ऐकू येत होतं, म्हणून चांगलं वाटलं.

तुमच्या गावातून जाताना मी हेल्मेटची काच खाली ओढली, हे खरं आहे. ओढली नसती तर चार घरी चहा आणि दोन घरी जेवण झालं असतं आणि डोंगर जागच्या जागी राहिला असता. यात तुमचा अपमान करायचं माझ्या मनात नव्हतं.

सकाळी डोळे उघडले तर तंबूच्या तोंडाशी तुम्ही, अनवाणी, हातात काठी, मागे गावातली चार माणसं. मी हाक मारली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, वळलात आणि डोंगर उतरून गेलात. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तीस नोव्हेंबरला मुहूर्त आहे. मुलीला मामाने घेऊन यावं अशी गुरुजी हाक देतील, तेव्हा मला तुम्ही हवे आहात. माझं काय चुकलं ते लिहून कळवावं.

मामीला नमस्कार. राग असला तरी त्याच्या शेजारी थोडा लोभ ठेवावा.

तुमची,
वैभवी


खडकदरी, ता. मानोरा,
दि. १५ ऑक्टोबर

चि. सौ. कां. वैभवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अबोल्याबद्दलचा तुझा मुद्दा बरोबर आहे. मी तुळसाबाईला विचारलं, तिच्याही मते लिहिण्यास मनाई नाही. म्हणून लिहितो, पण याला बोलणं समजू नये.

त्या दिवशी गावातली भागिरथा पहाटे शेळ्या घेऊन डोंगरावर गेली आणि बोंबलत खाली आली. सगळ्या गावादेखत तिने सांगितलं की उकंडरावची भाची डोंगरावर पडली हाय, अन् तिले गळ्यापर्यंत पोत्यात भरून वरून चैन लावली हाय. बाजूला आणखी दोन पोती होती, त्यांत कोण आहे ते पाहण्याची तिची छाती झाली नाही. मी जोडा घातला नाही. चढताना तुझ्या आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो आणि रडत होतो, हे त्या चारही माणसांनी पाहिलं. वर पोचलो, तर तू पोत्यात घोरत होतीस.

तू जिवंत आहेस याचा जेवढा आनंद झाला तेवढाच संताप आला. दोन्ही एकदम आल्यावर माणसाने बोलू नये, म्हणून मी वळलो.

आता गावाचं ऐक. माझ्या घरात चार खाटा, दोन गाद्या याच वर्षीच्या कापसाच्या. आणि भाची झोपते कुठे, तर माझ्याच घरावरच्या डोंगरावर. लोक विचारतात की काहून उकंडराव, घरात जागा नव्हती काय? मामीनं दार लावून घेतलं काय? तांड्यावरच्या सेवादासने तर मला बाजूला घेऊन समजावलं की भांडणं कोणाच्या घरी होत नाहीत, पण लग्न ठरलेल्या पोरीला असं घराबाहेर काढू नये. चाळीस वर्षं मी या गावात मान राखून आहे, आणि आज बायका तुळसाबाईकडे पाहून पदर तोंडाला लावतात. तिने तर तुला वाढताना कधी तूप मोजलं नाही.

तेव्हा मी लग्नाला येणार नाही. एखादा चुलतमामा पाहावा. तुझ्या आईला सांगावं की भांडण तुझ्याशी आहे, तिच्याशी नाही.

आशीर्वाद आहेतच, ते अबोल्यात येत नाहीत.

तुझा मामा,
उकंडराव


मालेगाव,
दि. १९ ऑक्टोबर

तीर्थरूप मामांस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. घोरण्यापर्यंत ती हसली आणि शेवटी पदराने डोळे पुसून उठून गेली. तिला आता मी दिसले की पुन्हा रडू येतं, म्हणून मी बँकेत उशिरापर्यंत बसते.

पहिली गोष्ट, ते पोतं नाही. थंडीत डोंगरावर झोपायची पिशवी आहे ती, आतून मऊ अस्तर आहे, आणि चैन आतूनही उघडते. भागिरथाकाकूला हे सांगावं.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. तुमच्या घरी मी आले असते तर झोपले असते का, ते खरं सांगा. मामीने तीनदा जेवायला घातलं असतं, मग शेंगा, मग शेजारणी मुलगा काय करतो ते विचारायला आल्या असत्या. मला हे सगळं आवडतं मामा. पण एक रात्र अशी हवी होती की मला कोणी जेवलीस का म्हणून विचारणार नाही. तीस तारखेनंतर जन्मभर मी ते साऱ्यांना विचारणार आहे. तेव्हा डोंगरावर झोपले ही चूक झाली असं मी लिहिणार नाही. तुम्हाला अनवाणी धावावं लागलं, याचं मात्र मला फार वाईट वाटतं.

चुलतमामा चालणार नाही. तुम्ही आला नाहीत तर मी मांडवात एकटी चालत येईन आणि गुरुजींना सांगेन की माझे मामा डोंगरावरून उतरलेच नाहीत. भाऊबीजेला आई वाट पाहते आहे, निदान तिच्यासाठी या.

कळावे, आणि कळल्यावर वितळावे, ही विनंती.

वैभवी


मु. तंबू, दुर्गाबाईच्या फाटकासमोर, मालेगाव,
दि. २४ ऑक्टोबर

चि. सौ. कां. वैभवीस,
आशीर्वाद विशेष.

हे पत्र तुझी मामी आत आणून देईल. तिचा तुझ्याशी अबोला नाही, त्यामुळे तिला ये-जा करण्यास मोकळीक आहे.

तुझ्या विनंतीला मान देऊन मी काल भाऊबीजेला आलो. येताना सोयाबीन झाकायची ताडपत्री आणि चार बांबू मोटारसायकलवर बांधून आणले. बांबू आडवे बांधल्यामुळे मंगरूळपीरपर्यंत मागून एकही गाडी पुढे जाऊ शकली नाही. दुर्गाने मला तंबूच्या दारात ओवाळलं. तिने केलेल्या करंज्या मी खाल्ल्या, कारण त्या बहिणीच्या हातच्या आहेत. पाणी मात्र तू भरलेल्या माठातलं असल्याचं कळलं, म्हणून प्यालो नाही. तुझे बाबा सकाळीच तुरीला पाणी द्यायला गेले ते अजून परतलेले नाहीत. ते शहाणे आहेत.

भाचीने मामाचं घर असताना उघड्यावर झोपून दाखवलं. आता मामा भाचीचं घर असताना उघड्यावर झोपून दाखवतो आहे, म्हणजे फिटंफाट होईल. येणारेजाणारे विचारतात की कायले बसले येथं. मी सांगतो की घर आपलंच आहे, पण मले निसर्ग आवडते.

मीही पोत्यातच झोपतो. खताचं रिकामं पोतं आहे. चैन नाही, सुतळी आहे. झोप चांगली लागली नाही. तुळसाबाई तुमच्याकडे पंख्याखाली गादीवर झोपते आणि सकाळी माझ्याकडे पाहून हसते, हे मला पटलेलं नाही.

आईची काळजी घ्यावी. मी इथेच आहे.

तुझा मामा,
उकंडराव


मु. स्वयंपाकघर, मालेगाव,
दि. २६ ऑक्टोबर

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शेजारी बसलेल्या हरीओमजींना हे पत्र दाखवू नये.

माझे होणारे सासरे काल केनवडहून बस्त्याची बोलणी करायला आले ते तुम्ही पाहिलंच. आईने आत या म्हटलं, तर ते म्हणाले की मुलीचा मामा बाहेर बसला असताना आमी आत चहा कसा घेऊ, ते रीतीत बसत नाही. मग ते तुमच्याजवळ बसले, आणि तुम्ही त्यांना पानसुपारी देऊन वर सोयाबीनच्या भावाचा विषय काढलात. काल रात्री ते तिथेच राहिले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मामीच्या हाती पाठवल्या.

आज सकाळी विनोदचा फोन आला. केनवडला त्याच्या आत्या म्हणतात की ज्या घराने मुलीच्या मामाला रस्त्यावर बसवलं, त्या घराची मुलगी आपल्याला काय सुखात ठेवणार. मामा आत जाईपर्यंत बस्ता नाही, आणि बस्ता नाही तर तीस तारीख नाही, असं हरीओमजींनी घरी कळवलंय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशी गत झाली. मामा, मला विनोद आवडतो. हे मी तुम्हाला तोंडाने कधी सांगितलं नसतं, पत्रात सांगते आहे. माझं लग्न तुमच्या ताडपत्रीखाली अडकलं आहे आणि मला भीती वाटते.

तुम्ही आत येणार नाही हे मला कळलं. मी चुकले असं म्हणणार नाही हे तुम्हाला कळलं. मग एकच राहतं. मामा जिथे राहतो ते मामाचं घर. मी मामाच्या घरी मुक्कामाला येते आहे. बॅग भरली आहे, आईही येते म्हणते. अचानक गेलो असं होऊ नये म्हणून आधी कळवलं. जेवायच्या वेळेला पोचू.

पाहुणीवर लोभ करावा.

वैभवी


खडकदरी,
दि. २ नोव्हेंबर

चि. सौ. कां. वैभवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. बांबू या वेळी उभे बांधले. फोनवर आपण रोज बोलतोच, पण हरीओमजी केनवडमध्ये काही वेगळीच हकीकत सांगत आहेत असं कानावर आलं, म्हणून खरी कोणती ते लिहून ठेवतो.

तू बॅग घेऊन तंबूच्या दारात उभी राहिलीस, मागे दुर्गा. भाची दारात आली की मामाने तिच्या पाया पडायचं, ही आपली रीत. मामा कितीही म्हातारा असो आणि भाचीने कितीही ताप दिलेला असो, त्यात सवलत नाही. मी वाकलो. तंबू मी बसण्याच्या मापाचा केला होता, वाकण्याच्या मापाचा नव्हता. पाठ बांबूला लागली आणि ताडपत्री आपल्या सगळ्यांच्या अंगावर आली. आत काळोख, सोयाबीनची धूळ, हरीओमजींच्या शिंका, आणि त्यांचा चहा माझ्या मानेवर. चाचपडताना एक हात हाती लागला. तो घट्ट धरून मी विचारलं की बाई, तुले लागलं तर नाही ना? तो हात हरीओमजींचा निघाला. त्यांनी शांतपणे सांगितलं की नाही लागलं. मग कोपऱ्यातून तू म्हणालीस की मले बी नाही लागलं मामा, आणि दुर्गा जी हसत सुटली ती ताडपत्री काढेपर्यंत थांबली नाही.

हरीओमजींचं म्हणणं असं की माझा अबोला त्यांच्याशी सुटला. ते चूक आहे. हात त्यांचा असला तरी प्रश्न तुला होता. शिवाय त्यानंतर मी तुझ्या घरात येऊन तुझ्या माठातलं पाणी दोन तांबे प्यालो, याला साक्षीदार आहेत. बस्ताही दुसऱ्याच दिवशी झाला, तेव्हा आत्यांनी आता गप्प बसावं.

अजून एक लिहायचं आहे. राग तू पोत्यात झोपलीस याचा नव्हता. लग्नाआधीची ही तुझी शेवटची कोजागरी. लेक नसलेल्या घरात भाचीचीच वाट असते. मी केशर घालून दूध आटवून बसलो होतो. तुला बोलावलं नव्हतं, कारण तू येशीलच असं धरून चाललो होतो. चंद्र वर आला, तुळसाबाई म्हणाली की पिऊन घ्या आता, पण मी भांड्यावर झाकण ठेवलं. सकाळी भागिरथा ओरडत आली तेव्हा ते भांडं तसंच चुलीवर होतं. पुढच्या वर्षी तू येशील ती जावयाबरोबर, पाहुणी म्हणून, आणि मी तुला हक्काने आप्पलपोटी म्हणून रागावू शकणार नाही. तू एक रात्र स्वतःसाठी मागितलीस, त्यात वावगं काही नव्हतं. मला ते सहन झालं नाही इतकंच.

मी आदल्या दिवशीच येतो आणि थेट घरात उतरतो. गुरुजींनी हाक दिली की तुला घेऊन येईन. मुहूर्त टळेल म्हणून ते घाई करतील, तर करू दे. हरीओमजीही घड्याळ दाखवतील, तिकडे पाहू नकोस. माझा हात धर आणि माझ्या चालीने चाल. मी त्या दिवशी फार सावकाश चालणार आहे.

लोभ आहेच, तीस तारखेनंतरही तो इकडे असू द्यावा.

तुझा मामा,
उकंडराव